सिस्टरच्या दोन हाका

ताई, नमस्कार.

मी एक्केचाळीस वर्षांची आहे. भांडुपला राहते, फोर्टात एका विमा कंपनीत नोकरी करते. माझी आई दोन वर्षं डायलिसिसवर होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळची शेवटची शिफ्ट, सहा ते दहा. आई दादाकडे राहायची. तो तिला सेंटरवर सोडायचा, मी ऑफिसातून सुटून थेट तिथे पोचायचे आणि रात्री रिक्षाने तिला दादाकडे पोचवून घरी यायचे. रिक्षात ती माझं बोट धरून स्वतःच्या हातातल्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी जोडून घेतलेल्या शिरेवर ठेवायची. "बघ गं, चालू आहे ना?" ती थरथर अजून बोटाला जाणवते.

नातेवाइकांना आत बसू देत नसत. बाहेर बाकड्यावर बसायचं. सुरुवातीला आईला ऐकवायला म्हणून मोबाइलवर काहीतरी शांत शोधत होते, तेव्हा 'कॉल ऑफ द व्हॅली' हे संतूर-बासरीचं वादन लागलं. आईने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "काढ ते, डोक्यात टिणटिण होतंय." तिला तिची मालिका हवी होती. मला मात्र ते जे आवडलं ते आवडलंच. संगीतातलं मला काही कळत नाही, पण दोन वर्षं त्या बाकड्यावर मी दुसरं काही ऐकलं नाही.

फेब्रुवारीत एका गुरुवारी आईचं बीपी अचानक खाली गेलं. सिस्टरने दाराशी येऊन मला हाक मारली. माझ्या कानात इअरफोन. दुसरी हाकही ऐकू आली नाही. शेवटी शेजारच्या बाईंनी मला हलवलं. आईला त्याच रात्री आयसीयूत नेलं, शनिवारी पहाटे ती गेली. तेराव्याला वहिनी सगळ्यांदेखत म्हणाली, "सिस्टर हाका मारत होती आणि हिची गाणी चालली होती." दादा काही बोलला नाही.

आता मी मंगळवार, गुरुवार, शनिवार घरी येताना लोकलमध्ये तेच लावते आणि रडते. मिस्टर म्हणतात, "डिलीट करून टाक, कशाला खपली काढत बसतेस." मुलगी म्हणते, "मम्मा, परत तेच?" रात्री दोन-अडीचपर्यंत झोप येत नाही. रिक्षा सेंटरच्या रस्त्याने जाणार असेल तर मी लांबून घ्यायला सांगते. ताई, आई आत असताना मला बाहेर बरं वाटत होतं, हे चूक होतं का? आणि आता मी ते ऐकणं सोडून द्यावं का?

– नाव छापू नये, भांडुप


प्रिय भांडुपकर,

आधी त्या दोन हाकांचं बोलू. तुमचं सगळं पत्र तिथेच अडकलंय. संगीताचं मग बघू.

डायलिसिस चालू असताना बीपी खाली जाणं ही त्या खोलीतल्या माणसांच्या रोजच्या ओळखीची गोष्ट. दोन दिवस अंगात साठलेलं पाणी चार तासांत ओढून काढायचं म्हटल्यावर शरीर कुरकुर करणारच. बीपी पडलं की जे करायचं ते तिथल्या तिथे करतात. पाणी ओढणं थांबवतात, पाय उंचावर घेतात, सलाइन सोडतात, डॉक्टरांना बोलावतात. हे सगळं मशीनपाशी उभी असलेली माणसं करतात. बाहेरच्या नातेवाइकाला हाक मारतात ती कळवायला, कागदावर सही घ्यायला आणि पुढे कुठे हलवायचं ते विचारायला. उपचार त्या दाराच्या आत होते, बाकड्यावर नव्हते. तुम्ही पहिल्या हाकेला उठला असतात तर दोन मिनिटं आधी दाराशी येऊन उभ्या राहिला असतात. आणखी काय झालं असतं? सिस्टरने तुम्हाला बाजूला उभं राहा असंच सांगितलं असतं.

आणि डायलिसिसवर असलेल्या माणसाचं हृदय आधीच ओझं वाहत असतं. अशा रुग्णांच्या मृत्यूंच्या कारणांत हृदयाचं दुखणं सगळ्यात वरचं. हे दोन वर्षांत कोणीतरी तुम्हाला सांगितलंही असेल, पण अशा वेळी सांगितलेलं डोक्यात राहत नाही.

आता यावर तुम्ही म्हणाल, ताई माझं मन राखायला बोलतायत. म्हणून माझ्या बोलण्यावर थांबू नका. प्रत्येक डायलिसिसचा एक कागद भरलेला असतो. आधीचं वजन, नंतरचं वजन, मधूनमधून घेतलेलं बीपी, कधी काय दिलं, सगळं वेळेसकट. त्या गुरुवारचा कागद मागून घ्या. रुग्णाचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यायला हवेत असा वैद्यकीय परिषदेचा नियमच आहे, त्यामुळे मागताना ओशाळायचं कारण नाही. तो कागद घेऊन आईच्या डॉक्टरांसमोर बसा आणि सरळ विचारा, 'मी दोन मिनिटं उशिरा उठले, त्याने काही फरक पडला का?' हा प्रश्न तुम्ही फेब्रुवारीपासून रोज रात्री अडीच वाजेपर्यंत स्वतःला विचारताय. ज्या माणसाला त्याचं उत्तर माहीत आहे त्याला अजून एकदाही विचारलेला नाही.

वहिनीचं बोलणं लागलं असणार, लागायलाच हवं. तेराव्याच्या पंगतीत असं बोलणं म्हणजे भरल्या घरात पंच नेमून निकाल देण्यासारखं. आठवड्याला तीन म्हणजे दोन वर्षांत तीनशेच्या वर संध्याकाळी होतात. त्या तीनशे संध्याकाळी बाकड्यावर कोण होतं हे त्या पंगतीतल्या कोणी विचारलं नाही. दादाने विचारायला हवं होतं. तो गप्प बसला याचा राग तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलाय. तो एवढा लहान असेल असं मला वाटत नाही.

पण एक बाजू तुमच्या पत्रात आलेली नाही, ती मला दिसते म्हणून सांगते. आई राहायची दादाकडे. म्हणजे डायलिसिसवरच्या माणसाचं घरचं सगळं वहिनीकडे. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे ते काय असतं. भाजी चिरून पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून. केळं नाही, शहाळं नाही, लोणचं-पापड नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणी मोजून. मुंबईतला मे महिना, सासू घोटभर पाणी मागतेय आणि सून म्हणतेय, "आई, आजचं झालं." फार तर बर्फाचा एक खडा तोंडात. हे दिवसातून दहा वेळा, दोन वर्षं. तुमच्या वाट्याला आई संध्याकाळी यायची, रिक्षात बोट धरणारी. वहिनीच्या वाट्याला ती यायची तहानलेली, चिडलेली. माणूस गेल्यावर ज्याने पाणी नाकारलेलं असतं त्याला ते नाकारलेले पेलेच आठवत राहतात. तेराव्याला वहिनी तुमच्या इअरफोनबद्दल बोलली, पण तिच्या डोक्यात काय चाललं होतं कुणास ठाऊक. आपल्याला टोचणारं दुसऱ्याच्या पदरात टाकलं की घटकाभर हलकं वाटतं. म्हणून तिचं बोलणं योग्य ठरत नाही. मात्र तो तुमच्यावरचा निकालही नव्हे.

आता संगीत.

तुम्ही म्हणता, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही दोन वर्षं काय ऐकत होतात ते जरा सांगते. ते हाताला लागलं योगायोगाने, पण टिकलं ते काही योगायोगाने नव्हे.

ही रेकॉर्ड १९६७ची, एचएमव्हीची. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, आडवी धरून वाजवलेल्या गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, तबल्यावर माणिकराव पोपटकर. संतूर, बासरी आणि गिटारवाले तिघेही तेव्हा तिशीच्या आसपासचे. निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे जोशी. तुमच्या आईच्या कानावरून ते गाणं बहुधा गेलं असेल. टिणटिण म्हणून तिने ज्याला हाकललं त्याच्यामागे हे गृहस्थ होते असं तिला सांगितलं असतंत तर ती काय म्हणाली असती, मला उगाच उत्सुकता वाटतेय.

आणि आईची तक्रारही काही अडाणीपणाची नव्हती बरं का. शिवकुमार शर्मा १९५५ साली पहिल्यांदा मुंबईत संतूर घेऊन मैफलीला बसले, तेव्हा जाणकारांनीही साधारण हेच म्हटलं. तारेवर कलम, म्हणजे वाजवायची काडी, आपटलं की सूर उमटतो आणि विरतो, मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाता येत नाही, सूर ताणता येत नाही, मग यावर राग वाजणार कसा? संतूर तोवर काश्मीरच्या सूफियाना संगीतातलं, साथीचं वाद्य. शिवकुमारांनी त्याच्या तारांची मांडणी बदलली, जुळणी बदलली, अक्रोडाच्या लाकडाची ती हलकी कलमं तारांवरून घसरवत सूर लांबवायची रीत शोधली. पुढची कितीतरी वर्षं ते या एकाच कामाला लागलेले होते. तुम्ही जे ऐकत होतात ते त्या खटपटीतून आलेलं आहे.

रेकॉर्डची कल्पना अशी, की काश्मीरच्या डोंगरातल्या एका मेंढपाळाचा एक दिवस. आपल्याकडे रागांच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या वेळांवरच गोष्ट चालते. सुरुवातीला अहिर भैरव आणि नट भैरव, म्हणजे सकाळ. मग पिलू. दिवस कलल्यावर भूप, तोच भूप जो गाण्याच्या क्लासमध्ये बहुतेक मुलांना अगदी सुरुवातीला शिकवतात. रात्री देस आणि शेवटी पहाडी. चाळीसेक मिनिटांत एक अख्खा दिवस उजाडतो आणि मावळतो. शब्द एकही नाही.

आता तो बाकडा डोळ्यांपुढे आणा. वर पांढरी ट्यूब, समोर घड्याळ, दारापलीकडे मध्येच वाजणारा मशीनचा अलार्म. आजूबाजूला बोलणं चालू, पण कसलं? क्रिएटिनिन किती आलं, हिमोग्लोबिन किती, ते इंजेक्शन कुठल्या दुकानात स्वस्त मिळतं, मेडिक्लेम पास झाला का, सरकारी योजनेत बसतं का, तुमची किडनी कोण देणार आहे. प्रत्येक शब्द पोटात खड्डा पाडणारा. अशा ठिकाणी ज्यात कोणी एक अक्षर बोलत नाही असं काहीतरी कानाला हवं होतं. गाणी असती तर त्यातल्या एखाद्या ओळीने तुम्हाला तिसऱ्याच दिवशी रडवलं असतं आणि तुम्ही ते बंद केलं असतंत.

दुसरं, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. बाकीच्या आजारपणात काहीतरी पुढे सरकत असतं. ऑपरेशन होतं, टाके निघतात, प्लास्टर कापतात. डायलिसिसमध्ये मंगळवारचं संपलं की गुरुवार, गुरुवारचं संपलं की शनिवार. किडनी मिळाली नाही तर हे असंच चालायचं. त्याला शेवट नसतो, आणि जो असतो त्याचं नाव कोणी काढत नाही. त्या बिनशेवटाच्या चार तासांत तुमच्या कानात एक दिवस उजाडायचा, माध्यान्ह व्हायची, सांज व्हायची आणि मग पहाडी वाजून रात्र व्हायची. तिथे संपणं होतं आणि त्या संपण्याची भीती वाटत नव्हती. दहा वाजता तुम्ही इअरफोन काढायचात, आईला उठवायचात, आणि रिक्षात फिस्टुलावर बोट ठेवायला हात मोकळा असायचा.

तुम्ही विचारता, आई आत असताना बरं वाटत होतं हे चूक का. अहो, बरं वाटत होतं म्हणून तर तुम्ही पुढच्या गुरुवारी परत जाऊ शकत होतात. अशा आजारपणात ज्यांना कुठेच विसावा मिळत नाही ती माणसं वाईट नसतात, पण हळूहळू गळतात. आज मीटिंग आहे, उद्या लोकल लेट आहे, मग एखादा माणूस पगारी ठेवतात. तुम्ही गळला नाहीत. ऑफिसातून सुटून, लेडीज डब्यात चेंगरत येऊन चार तास बसायला काहीतरी बळ लागतं. तुम्हाला ते संतूरमधून मिळालं, शेजारच्या बाईंना कदाचित जपमाळेतून मिळत असेल. त्यांच्या हातात माळ दिसली असती तर तेराव्याला कोणी त्यावर बोललं नसतं.

दुःखाच्या घरात गाणं नको ही आपल्याकडची समजूत मला माहीत आहे. सुतकात रेडिओ बंद, टीव्ही बंद. पण याच महाराष्ट्रात एखादा वारकरी गेला की भजनी मंडळ टाळ-मृदंग वाजवत स्मशानापर्यंत सोबत चालतं, आणि त्यांना दुःख झालेलं नाही असं कोणी म्हणत नाही. सकाळच्या लोकलमध्ये टाळ कुटणाऱ्या मंडळींमध्येही घरी कोणी ना कोणी आजारी असलेला माणूस असतोच. अडचण संगीताची नसते, इअरफोनची असते. भजन सगळ्यांना ऐकू येतं, म्हणून ते सगळ्यांचं. इअरफोन घातला की बघणाऱ्याला वाटतं हिने दार लावून घेतलं. तुमच्या कानात काय चाललंय हे वहिनीला कधी कळलंच नाही, तिला दिसल्या फक्त दोन वायरी.

मग आता सोडायचं का? नाही. डिलीट वगैरे अजिबात करू नका. मिस्टरांचा हेतू चांगला आहे, त्यांना तुमचं रडणं बघवत नाही, आणि घरातल्या पुरुषांना अशा वेळी काहीतरी बटण दाबून दुरुस्त करायचं असतं. त्यांना म्हणा, डिलीट नको, एखाद्या शनिवारी स्टेशनवर घ्यायला या. लोकलमध्ये रडता तेही राहू दे. मुंबईत बाईने निवांत रडावं अशी जागा लेडीज डब्याच्या खिडकीसारखी दुसरी नाही, कोणी विचारत नाही आणि उतरताना कोणीतरी पाण्याची बाटली पुढे करतं. फक्त एक, इअरफोन घालून रूळ ओलांडू नका. पुलावरून जा. हे मी सगळ्यांनाच सांगत असते.

मात्र एक गोष्ट बदला. हे संगीत तुम्ही फक्त मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी, एकटीने, कान बंद करून ऐकलेलं आहे. ते त्या बाकड्याला चिकटून बसलंय. आता लोकलमध्येही तुम्ही बाकडाच घेऊन बसता. त्याला दुसऱ्या वेळा आणि दुसऱ्या जागा दाखवायला हव्यात. एक विचार करा, अहिर भैरव हा पहाटेचा राग आणि तुम्ही तो दोन वर्षं संध्याकाळी सहा वाजता ट्यूबखाली ऐकलात. एखाद्या रविवारी लवकर उठा, कोणी उठायच्या आत चहा टाका आणि स्वयंपाकघरात मोबाइल ओट्यावर ठेवून मोठ्याने लावा. इअरफोन नको. कुकरची शिट्टी मध्ये आली तर येऊ दे, खालचा दूधवाला ओरडला तर ओरडू दे. नाही जमलं, गळा दाटला, तर बंद करा आणि पोहे करा. पुढच्या रविवारी परत. हळूहळू त्या सुरांना पोह्यांचा वासही चिकटेल. सेंटरचा वास जाणार नाही, पण एकटा राहणार नाही.

मुलगी उठून "मम्मा, परत तेच?" म्हणेल. म्हणू दे. तिला सांगा, आजी याला टिणटिण म्हणायची. हसेल. तिच्याशी आजीबद्दल बोलायला सुरुवात कुठून करायची हा प्रश्न असेल तर हा चांगला दरवाजा आहे. या वयाच्या मुलांना आपण आजारपणाच्या गोष्टींपासून लांब ठेवतो आणि मग त्यांना आजीची फक्त औषधं आठवतात.

जमलं तर कधी प्रत्यक्ष संतूर ऐकायला जा. मुलुंडचं कालिदास नाट्यगृह तुम्हाला जवळ आहे, एनसीपीएची सभागृहं तर ऑफिसच्या बाजूलाच. समोर माणूस मांडीवर वाद्य घेऊन बसलेला, ती हलकी कलमं दिसतायत, शेजारी अनोळखी माणसं माना डोलावतायत. तेच सूर चारचौघांत, उघड्या कानांनी ऐकणं वेगळं असतं. वर्ष झालेलं नाही, आता मैफलीला जावं का, असं कोणी म्हणालं तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

एक काळजीचं मात्र आहे आणि ते संगीताने होणारं नाही. झोप. सात महिने रात्री अडीचपर्यंत जागं राहून पुन्हा सकाळची लोकल, हे शरीर किती दिवस सोसेल? शोक वर्षभर राहतो, त्याहून जास्तही राहतो, त्यात वावगं काही नाही. पण झोप उडणं, एक रस्ता टाळणं, स्वतःला दोष देण्याचं चक्र रोज रात्री त्याच जागी फिरणं, हे एकत्र आलं की एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायला हवं. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मनोविकाराच्या ओपीडी आहेत, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. आधी नुसतं बोलून बघायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. रात्री दोन वाजता जाग असेल तर दोन वाजता करा, त्यासाठीच ती आहे. आणि कधी जगणं नकोसं वाटलं तर मला पत्र लिहीत बसू नका, तोच नंबर लगेच फिरवा आणि मिस्टरांना उठवा.

राहिलं दादाचं. डॉक्टरांकडे एकट्या जाऊ नका, त्याला घेऊन जा. फोन करून एवढंच म्हणा, "दादा, आईचे त्या दिवशीचे कागद घ्यायला आणि डॉक्टरांना भेटायला जायचंय, येतोस का?" तेराव्याचा विषय काढू नका, वहिनीचं नावही नको. तो टाळाटाळ करेल, कामं सांगेल, तरी दोनदा विचारा. दोन वर्षं तो आईला दाराशी सोडून जायचा, आत काय चालतं ते त्यालाही कधी नीट कळलेलं नसणार. डॉक्टर जे सांगतील ते तुमच्याइतकंच त्याने स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं. वहिनीला काय सांगायचं ते मग त्याला ठरवू दे. ते काम तुमचं नाही.